तीन चाळीसची घंटा

सळई उन्हानं तापलेली असायची, म्हणून मी ती पदरात धरूनच उचलत असे. त्या दिवशीही तशीच उचलली आणि प्लॅटफॉर्मवर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर मोजून सात ठोके दिले. मग जरा थांबून आणखी एक. तो शेवटचा एक ठोका म्हणजे आमच्या अण्णांची सही. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

समोरच्या हॉटेलातून बापू शिरसटांनी रोजच्यासारखं विचारलं, "काय बाई, वेळेवर हाय का गाडी?" मीही रोजच्यासारखं "राइट टाइम" म्हटलं. गाडी बंद होऊन तेव्हा सात महिने झाले होते.

बाईचं डोकं फिरलं होतं की काय, असं तुम्हाला वाटेल. फिरलं नव्हतं. ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. नगरपंचायतीची माणसं गेल्या महिन्यात घरी आली होती. स्टेशनाला रंग द्यायचा आहे, बाग करायची आहे, भिंतीवर इतिहास लावायचा आहे, तर शेवंताबाई, तुमचा जन्म तिथलाच, दोन पानं लिहून द्या म्हणाली. मी हो म्हणून बसले. दोन पानांत मावेल असं तेव्हा वाटलं होतं.

धामणसरचं स्टेशन इंग्रजांच्या काळातल्या एका कंपनीनं कापूस न्यायला बांधलं. आधी स्टेशन आलं, मग जिनिंग, मग बाजार, मग हायस्कूल. गाव मोठं झालं ते त्या अडीच फुटी रुळांच्या जिवावर. गाडी अशी चालायची की उतरून लघवीला जाऊन आलेला माणूस पुन्हा तिच्यात चढत असे, असं लोक सांगतात आणि ते फारसं खोटं नाही. स्टेशनावर माणसं दोनच, मास्तर आणि पॉइंट्समन. मास्तर येत-जात राहिले. पॉइंट्समन एकच राहिला, अंबादास भालके, म्हणजे आमचे अण्णा. काटे बदलायचे, दिवे पुसायचे, फलाट झाडायचा आणि घंटा द्यायची, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं.

घंटेची रीत अशी होती. अलीकडच्या स्टेशनावरून गाडी सुटली की मास्तरांना फोन यायचा आणि अण्णा ठोके द्यायचे. तिथून गाडी यायला वीस मिनिटं, म्हणजे तीन चाळीसला घंटा आणि चारला गाडी. गावात घड्याळं होती, पण गाडीसाठी ती कुणी बघत नसे. घंटा झाली की चपला घालायच्या. नदीपलीकडच्या रानातला माणूससुद्धा घंटा ऐकून निघाला तर त्याला गाडी सापडायची. एकतीस वर्षांत आपली एकही घंटा फुकट गेली नाही, असं अण्णा येईल त्याला ऐकवायचे. तेवढाच त्यांचा गर्व. बाकी गर्व करावा असं आमच्या घरात काही नव्हतं. मुलगी नवऱ्यानं टाकलेली, बालवाडी चालवून बापाजवळ राहणारी.

रिटायर होऊन वर्ष झालं नाही तोच त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली आणि डोक्यातले दिवसवार विस्कटले. कधी मला शेवंता म्हणायचे, कधी माझ्यात आई दिसायची. दोन महिन्यांनी, वैशाखात, लाइन बंद झाली. शेवटच्या गाडीला लोकांनी हार घातले, फोटो काढले, रडले. मग रेल्वेचीच माणसं येऊन घड्याळ, तिकिटांचं कपाट, बाकडी सगळं घेऊन गेली. रुळाचा तुकडा तेवढा राहिला, कारण तो जड होता आणि उतरवायचा कुणाला उत्साह नव्हता.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला अण्णा बाजेवरून खाली पडले. घंटा राहिली, घंटा राहिली, म्हणत उठायला गेले होते. तिसऱ्या दिवशी परत पडले आणि भुवई फुटली. डॉक्टर म्हणाले, असे आणखी एकदा आपटले तर मग मला बोलावू नका. मी समजावलं, रागावले, हातापाया पडले. त्यांना काही पोचत नव्हतं. पोचायची ती फक्त वेळ. ती त्यांना कुठून कळायची देव जाणे, घरात घड्याळ मी मुद्दाम बंद ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी मी जाऊन घंटा दिली. आमचं घर स्टेशनाच्या मागेच. परत आले तर अण्णांचा जीव भांड्यात पडलेला, डावा हात छातीवर, डोळे मिटलेले. पाच मिनिटांत घोरायला लागले. गाडी आली की नाही हे ऐकायला ते जागेच नसत. मग रोजचंच झालं. कुणी हसलं, कुणी डोळे पुसले आणि महिन्याभरात गावाच्या अंगवळणी पडलं. बायका घंटेवर चहाचं आधण ठेवायला लागल्या. यात कुणाचं काही बिघडेल असं माझ्या मनालाही शिवलं नाही.

नदीपलीकडे बाभळींच्या आड दरवर्षी वीटभट्टी लागायची. माणसं परगावची. दिवाळीनंतर यायची, चैत्रात जायची. म्हणजे गाडी बंद झाली तेव्हा ती इथं नव्हती. हे मला सुचायला हवं होतं.

तर त्या दिवशी घंटा देऊन मी फलाटाच्या कडेला बसले होते, सळई मांडीवर. दिवसातली तेवढी दहा मिनिटं माझी असायची. नदीकडून माणसांचा आवाज आला. चार जण कमरेएवढ्या पाण्यातून एक बाज खांद्यावर घेऊन येत होते. मागं एक म्हातारी, लुगडं वर खोचलेलं. मला आधी वाटलं, मयत आहे. मग बाजेवरून कण्हणं ऐकू आलं.

त्यांनी बाज फलाटावर ठेवली. वर एक विशीतली पोरगी, पोटुशी, दिवस भरलेली. ओठ पांढरेफटक. अंगाखालचं गोधडं भिजलेलं होतं आणि ते पाण्यानं नव्हतं. पुढचा माणूस, तिचा नवरा, धापा टाकत माझ्याजवळ आला. म्हसू त्याचं नाव, ते मला नंतर कळलं.

"गाडी गेली न्हाई ना, बाई?"

बापू हॉटेलातून धावत आले. त्यांच्यामागून गिऱ्हाईक आलं, दोन-तीन जण. बापूंनी सांगितलं, अरे बाबा, कसली गाडी, लाइन बंद पडून सात महिने झाले. म्हसूनं रुळांकडे पाहिलं. रुळांवर गुडघाभर गवत होतं, त्यात शेळी चरत होती. तरी त्याचा विश्वास बसेना.

"आत्ता घंटा झाली की. ती ऐकूनच तिला आनली."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सळई पदराखाली घेतली. हे करायला मला कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. बापू त्याच्याकडे वळले आणि अगदी मायेनं म्हणाले, "घंटा नाही झाली, दादा. तुला भास झाला."

मागचे सगळे म्हणाले, नाही बुवा, नाही झाली. चांगली माणसं होती ती. वर्षानुवर्षं त्यांनी अण्णांच्या घंटेवर गाड्या पकडल्या होत्या. त्यांना माझी लाज राखायची होती. मी मान खाली घालून बसले आणि त्यांना राखू दिली.

पुढचं सगळं घाईनं झालं, आणि तरी फार उशिरा झालं. डाळमिलवाल्यांची जीप शेतावर गेली होती, ती यायला तास गेला. तोवर म्हातारीकडून मला सगळं कळलं. बिऱ्हाडं आदल्याच संध्याकाळी येऊन पडली होती. प्रवासात पोरीला कळा सुरू झाल्या, सकाळपासून अंगावरून जायला लागलं. बोजे आणलेला ट्रॅक्टर रिकामा परत तालुक्याला निघाला होता. ट्रॉलीत पोती अंथरून तिला निजवलंही होतं. ड्रायव्हर परगावचा, इंजिन चालू ठेवून बसलेला. म्हसू तेवढ्यात नदीवर तांब्या भरायला गेला, तो ओरडतच परत आला. थांबा, खाली घ्या तिला, घंटा झाली. रिकामी ट्रॉली खडकाळ रस्त्यानं आदळत जाणार, त्यापेक्षा गाडी बरी. मागच्या साली त्याच्याच भावाला ताप चढला तेव्हा गाडीनं नेला होता. गाडी तालुक्याला उतरवते ती सरकारी दवाखान्याच्या दारातच. इंजिनाच्या आवाजात बाकी कुणाला घंटा ऐकू आली नव्हती. त्याच्या शब्दावर त्यांनी तिला खाली घेतली आणि ट्रॅक्टर निघून गेला.

जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ठकू म्हणत होते तिला. वाटेत एकदा डोळे उघडून तिनं मला विचारलं, "टेसन आलं का?" मी म्हटलं, आलं, आलंच. फाट्याच्या अलीकडे मुलगी झाली. छान रडली. ठकूनं ते रडणं ऐकलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा नर्सनं नाडी पाहिली आणि विचारलं, एवढा वेळ कुठं होता तुम्ही. म्हसू म्हणाला, "टेसनावर."

मी दिवेलागणीला एसटीनं घरी आले. अण्णा जागे होते. चूल पेटवायची सोडून मी बाजेपाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. त्यांना कळणार नाही या भरवशावरच सांगितलं, खोटं कशाला बोलू. दाराला सांगावं तसं सांगत होते. संपलं तेव्हा वर पाहिलं, तर अण्णा माझ्याकडे बघत होते आणि डोळ्यांत ते पूर्वीचे अण्णा होते. नऊ महिन्यांत मला ते दिसले नव्हते.

"फुकट... गेली," ते म्हणाले.

एकेक शब्द त्यांना ओढून काढावा लागत होता. त्यांच्या तोंडातून लाळ आली, ती मी पुसली. मग माझं मनगट डाव्या हातानं धरून त्यांनी दुसरं वाक्य जुळवलं. "त्याला... सांग."

मी म्हटलं, सांगते. रात्रभर मला वाटत होतं, सकाळी ते विसरतील.

सकाळी ते विसरले नव्हते. दुपारी मी स्टेशनावर गेले नाही, सळईला हातच लावला नाही. तीन चाळीसला अण्णांचं अंग थरथरायला लागलं. मी धरायला धावले, तर त्यांनी मान हलवून मला लांब राहायला सांगितलं आणि डाव्या हातानं बाजेची कड घट्ट धरली. कपाळावर घाम, दातावर दात. उठायचं म्हणून सगळं शरीर ओढ घेत होतं आणि तो एक हात त्याला खाली दाबून धरत होता. चार वाजून गेल्यावर हात सुटला. बोटांची कातडी सोलली होती. मग त्यांनी विचारलं, "सांगितलंस?"

मी म्हटलं, उद्या. लाजेनं मेल्यासारखं झालं, पण उद्याच म्हटलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या कोंडाबाईंना अण्णांजवळ बसवून मी नदी ओलांडली. भट्टीवर म्हातारी झोळी हलवत बसली होती. कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजत होती पोरीला. म्हसू कुठाय विचारलं तर तिनं नदीच्या काठाकडे बोट केलं. म्हणाली, कालपासून असाच करतोय बाई, कुणाशी बोलत न्हाई, दुपार कलली की तिथं जाऊन बसतोय.

तो काठावर दगडावर उकिडवा बसला होता, तोंड स्टेशनाच्या दिशेला. मी जवळ गेले तरी वळला नाही. हातानंच खूण केली, बसा, बोलू नका. मी बसले. ऊन बाभळींच्या शेंड्यांवर आलं होतं. किती वाजले ते मला घड्याळाशिवाय कळत होतं, आता बापाची लेक म्हणून असेल. तीन चाळीस झाले. पाणी वाहत होतं, पलीकडे बापूंच्या हॉटेलातली कपबशी वाजल्याचंसुद्धा ऐकू आलं. बाकी काही नाही. थोड्या वेळानं त्यानं मान खाली घातली.

"काल बी न्हाई वाजली," तो म्हणाला. "आज बी न्हाई. समदं गाव सांगतंय ते खरं हाय, बाई. माझ्या कानात बिघाड हाय. ट्रॉलीत नीट निजवली व्हती तिला. मीच खाली घेतली. काय बी न वाजता खाली घेतली."

आणि त्यानं स्वतःच्या कानावर हात मारला, जोरात, दोनदा. दोन दिवस तेच करत असावा, कानशील काळंनिळं झालं होतं.

मला वाटत होतं, माझा गुन्हा घंटा देण्याचा. तो होताच. पण गावानं मायेनं एक खोटं सांगितलं होतं, मी गप्प राहून ते खरं केलं होतं आणि दोन दिवस घंटा न देऊन त्यावर शिक्का मारला होता. हा माणूस जन्मभर असा कान बडवत बसणार होता.

"वाजली होती," मी म्हटलं.

कानावरचा त्याचा हात खाली आला.

"सात ठोके, मग एक. मी दिले. बापू बोलले तेव्हा सळई माझ्या पदराखाली होती."

मला वाटलं, आता हा मला मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो उठला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. झोपडीकडे तोंड करून त्यानं हाक मारली, आणि त्याचा आवाज मध्येच फाटला.

"आये. वाजली व्हती गं. मी म्हनत नव्हतो का, वाजली व्हती म्हून."

म्हातारी झोळी धरून तशीच उभी राहिली. तो खाली बसला आणि रडला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा रडत होता, हे म्हातारीनं नंतर सांगितलं. मी तिथंच बसून होते. हात कुठं ठेवावेत ते मला कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, गाडी नसताना घंटा का देता. मी अण्णांचं सांगितलं, पडण्याचं, भुवई फुटल्याचं, सगळं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"हायेत का अजून वडील?"

"आहेत."

"बरं," तो म्हणाला. "जावा आता, बाई."

क्षमा केली असं काही तो म्हणाला नाही आणि मीही मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं. परत येताना म्हातारीनं मला झोळीतली पोर दाखवली. मुठी आवळून झोपली होती.

घरी आले तर कोंडाबाई घाबरलेल्या. म्हणाल्या, काय करू गं, मघापासून यांनी बाजेची कड धरलीय, सोडतच नाहीत, बोटातनं रक्त आलंय. चार केव्हाच वाजून गेले होते. मी अण्णांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "सांगितलं, अण्णा." त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. खरं बोलतेय अशी खात्री झाल्यावर हात सोडला.

त्यानंतर ते एकोणीस दिवस होते. रोज तीन चाळीसला बाजेची कड धरायचे आणि चारनंतर सोडायचे. एकदाही पडले नाहीत. म्हणजे तेही जमत होतं त्यांना. सात महिने मला वाटत राहिलं की जमणार नाही, आणि मी कधी नीट विचारलंच नाही. या एका गोष्टीवर मी आजही एकटी असले की रडते.

म्हसूचं बिऱ्हाड त्याच आठवड्यात उठलं. कुठलं गाव, आडनाव काय, मी विचारलं नव्हतं. पुढं दरवर्षी भट्टी लागली की जाऊन चौकशी करायची. कुणाला माहीत नव्हतं. आता तर भट्टीही लागत नाही. पोर असेल तर तिशीला आली असेल.

अण्णांच्या तेराव्यानंतर मी बापूंना सांगून रुळाचा तो तुकडा उतरवून घेतला. चौघांनी उचलून घरी आणला. नगरपंचायतीवाले विचारत होते, घंटा कुठं गेली, भंगारात गेली का. नाही गेली. माझ्या बाजेखाली आहे, सळईसकट.

इतिहास मागितलात, तो हा. दोन पानांत बसला नाही. घंटा घेऊन जा, बागेत टांगायची असेल तर टांगा. पोरंटोरं दगड मारतील, तेवढं बघा. बाकी गाडी येत नाही तोवर ती कुणाला वाजवू देऊ नका.